गोळीच्या गुंगीत दिलेले धडे

पांढरा उंदीर उचलायचा तो शेपटीच्या बुडाशी धरून. टोकाला धरलात तर शेपटीची कातडी सोलवटून हातात येते. फार्मसी कॉलेजात पहिल्या प्रॅक्टिकलला मी ही सूचना तीनदा द्यायचो, तरी एखादा पोरगा घाबरून टोकालाच धरायचा. मग उंदराला काचेच्या पेटीत सोडायचं. तळाला लोखंडी सळ्यांची जाळी, मधोमध झाकणाला टांगलेला लाकडी दांडा. आधी बझर, मागोमाग जाळीतून विजेचा झटका. आठ-दहा दिवसांत उंदीर तयार व्हायचा. बझर वाजला की झटक्याची वाट न बघता सरसर दांड्यावर. मग त्याला क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारांवरचं औषध टोचायचं. आता बझर वाजतो, उंदीर ढिम्म. झटका बसला की मात्र चढतो. म्हणजे पायात बळ आहे, धडाच तेवढा सुटलाय. जर्नलमध्ये दोन रकाने, खाली सही, संपलं प्रॅक्टिकल.

एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, ह्याला औषध देऊनच शिकवलं असतं, तर औषध उतरल्यावर त्याला ते आलं असतं का हो?"

"जर्नल पूर्ण कर आधी," मी म्हणालो. खरं कारण असं की मला उत्तर ठाऊक नव्हतं. तो प्रश्न प्रयोगशाळेतला नाही, आपल्या व्यसनमुक्ती केंद्रांतल्या पहिल्या आठवड्याचा आहे, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

उत्तर तसं जुनं आहे. १९३७ साली गर्डन आणि कलर या दोन अमेरिकन संशोधकांनी कुत्र्यांना कुरारे दिलं. कुरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं बाणाला लावायचं विष. त्या अमलाखाली कुत्र्याच्या पायाच्या स्नायूला एका इशाऱ्यावर आकसायला शिकवलं. विष उतरलं तसा धडा गेला. पुन्हा विष दिलं, धडा परत आला. पण खरा नेटका प्रयोग डोनाल्ड ओव्हरटन यांचा, १९६४ सालचा, मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातला. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा बोळ, पायाखाली झटका, एका बाजूला गेलं की सुटका. उंदराला पेन्टोबार्बिटाल हे झोपेचं औषध दिलेलं, तेही झोपण्याइतकं नाही. झोकांड्या खात का होईना, चालता येईल इतपत. त्या झिंगेत तो सुटकेची बाजू शिकला. औषधाविना सोडला तर कोरा, जणू हा बोळ जन्मात पाहिला नाही. पुन्हा औषध दिलं की बरोबर त्या बाजूला. पुढे ओव्हरटन यांनी एकाच उंदराला दोन उलटे धडे दिले, औषधावर असलास तर एकीकडे वळ, नसलास तर दुसरीकडे. उंदरानं दोन्ही सांभाळले, गल्लत केली नाही. आत कुठली अवस्था आहे हे तो जणू पाटी वाचावी तसं वाचत होता.

याला अवस्थाधीन शिकणं म्हणू. डोक्यात जे साठतं ते एकटं साठत नाही. त्या वेळची खोली, वास, उजेड, आणि शरीराची आतली अवस्था हे सगळं त्याला चिकटून येतं. आतली अवस्था पार बदलली की त्या आठवणीकडे जाणारा रस्ताच सापडत नाही. आठवण पुसलेली नसते, कुलूपबंद असते.

सगळी औषधं यात सारखी नाहीत. दारू, झोपेची जुनी बार्बिट्युरेट औषधं आणि चिंतेवर देतात त्या बेन्झोडायझेपिन गोळ्या यांचा हा गुण जोरकस. आमच्या प्रॅक्टिकलमधल्या क्लोरप्रोमाझिनचा मात्र फारच बेताचा. मात्रा कमी तर परिणामही पुसट. शिवाय दोन्ही दिशांना सारखंच होतं असंही नाही. अमलाखाली शिकलेलं शुद्धीत न आठवणं हे ठळक दिसतं, उलटी दिशा त्या मानानं सौम्य. माणसांवरही हे पाहिलं गेलंय. १९६९ साली अमेरिकेत डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी ४८ वैद्यकीय विद्यार्थ्यांना, कुणाला दारू पाजून तर कुणाला कोरडं ठेवून, गोष्टी शिकवल्या आणि दुसऱ्या दिवशी अवस्था बदलून किंवा तीच ठेवून परीक्षा घेतली. पाठ केलेलं आपणहून आठवायचं होतं तिथे अवस्था बदलल्याचा फटका बसला. समोर चित्र ठेवून 'हे पाहिलं होतंस का' असं विचारल्यावर मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेरून एखादी खूण हाती मिळाली की कुलूप उघडतं. ही खुणेची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

(हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास यायचं, "म्हणजे सर, पिऊन अभ्यास केला तर पेपरलाही पिऊनच जायचं?" नाही. दारू मुळात शिकणंच बिघडवते. शुद्धीत शिकून शुद्धीत लिहिणाऱ्याला तोड नाही.)

आता आपल्याकडे येऊ.

आमच्या गावातला एक रिक्षावाला. माझा जुना ओळखीचा, मुलाला शाळेत सोडायचा. महिनाभर एका केंद्रात राहून आला. आल्यावर तीन आठवडे चोख. सकाळी अंघोळ, कपाळाला गंध, रिक्षाच्या आरशाला लिंबू-मिरची. चौथ्या आठवड्यात स्टॅन्डवर संध्याकाळी नंबर लागेना. पलीकडे बार, दाराशी उकडलेल्या अंड्यांची गाडी, काळं मीठ आणि कांद्याचा वास. नंतर भेटला तेव्हा मला म्हणाला, "सर, तिथं शिकवलेलं सगळं पाठ होतं हो मला. बायकोला म्हणून दाखवायचो. पण पहिली नाइन्टी पोटात गेली आणि त्यातलं एक अक्षर सापडेना. कोण शिकवत होतं तेसुद्धा."

मला ओव्हरटनचा उंदीर आठवला. एका माणसाच्या एका वाक्यावर सिद्धान्त उभारायचा नसतो, हे मला कळतं. पहिल्या घोटानं विवेक सैल पडतो हे तर कुणालाही ठाऊक आहे, त्याला उंदीर कशाला हवेत? पण मी त्याला पुढे विचारलं, "तिथं पहिल्या आठवड्यात काय काय शिकवलं?" तो म्हणाला, "पहिला आठवडा धूसरच आहे सर. गोळ्या होत्या ना."

कुठल्या गोळ्या, हे मला विचारावं लागलं नाही. दारू एकदम बंद केली की हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, क्वचित जीवही जातो. ते टाळायला क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखी गोळी देतात आणि काही दिवसांत उतरवत नेतात. हे उपचार योग्यच आहेत, त्याविना दारू सोडवणं धोक्याचं. कुणी हा लेख वाचून घरच्या पेशंटची गोळी परस्पर बंद करू नये. माझा आक्षेप गोळीला नाहीच, वेळापत्रकाला आहे. बऱ्याच ठिकाणी महिन्याभराचा अभ्यासक्रम दाखल झाल्या दिवसापासून सुरू होतो. 'व्यसन हा आजार आहे', 'पहिला घोट टाळा', 'तलफ आली तर काय कराल' ही सगळ्यांत मोलाची व्याख्यानं पहिल्या आठवड्यात. समोर बसलेला माणूस कुठल्या अवस्थेत ऐकतोय, याची नोंद नर्सच्या वहीत असते, समुपदेशकाच्या वहीत नसते.

आणि नेमका याच गोळ्यांवरचा प्रयोग झालेला आहे. १९९० साली मार्क बाउटन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना आधी भीती शिकवली. मग ती विझवली, म्हणजे धोका न देता पुन्हा पुन्हा सामोरं नेलं. पण हे विझवणं केलं ते बेन्झोडायझेपिन देऊन, क्लोरडायझेपॉक्साइड आणि डायझेपाम. गोळीच्या अमलाखाली भीती गेली. गोळीविना तपासलं तेव्हा भीती परत हजर. पुन्हा गोळी देऊन तपासलं तर विझलेली. उंदीर निर्भय झाला होता, पण फक्त गोळीच्या आत.

तोवर बाउटन यांनी एक गोष्ट जवळपास आयुष्याचा विषय करून घेतली होती. सवय मोडणं म्हणजे सवय पुसणं नव्हे. जुन्या धड्याच्या बाजूला एक नवा धडा रचला जातो, आणि तो नवा धडा जिथे रचला त्या जागेला आणि त्या अवस्थेला फार घट्ट बांधलेला असतो. जुना मात्र मोकाट असतो, कुठेही वर येतो. २००२ साली क्रॉम्बॅग आणि शाहम यांनी हे थेट अमली पदार्थांवर दाखवलं. उंदीर एका पेटीत हेरॉइन-कोकेनच्या मिश्रणासाठी पट्टी दाबायला शिकले. दुसऱ्या, वेगळ्या पेटीत कितीही दाबलं तरी काही मिळत नाही हे शिकून ते थंड झाले. पहिल्या पेटीत परत सोडले, पट्ट्या पुन्हा खडखडू लागल्या. दुसऱ्या पेटीच्या जागी केंद्र वाचा आणि पहिलीच्या जागी स्टॅन्ड.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: "सर, माणूस म्हणजे उंदीर नव्हे. त्याला इच्छाशक्ती असते." बरोबर आहे. माणसाला कर्ज असतं, लाज असते, जात-जमात, बेकारी, मार खाल्लेल्या बायकोचा चेहरा असतो, आणि यातलं काही पेटीत घालता येत नाही. पण इच्छाशक्ती म्हणून आपण ज्याला पुजतो तीसुद्धा कधीतरी, कुठेतरी, कुठल्यातरी अवस्थेत शिकलेली असते. ऐन वेळी ती आठवावी लागते. रिक्षावाल्याला शपथ घ्यायची इच्छा नव्हती असं नाही, घेतलेली शपथ सात वाजता स्टॅन्डवर त्याच्या हाताशी नव्हती. 'मनाचा कच्चा' हे निदान ऐकणाऱ्याला सोयीचं आहे इतकंच. त्यानं केंद्राचं वेळापत्रक सुटतं, सरकार सुटतं, आणि सगळं खापर अशा माणसाच्या डोक्यावर फुटतं ज्याचं डोकं आधीच झुकलेलं असतं.

जागेचा हा खेळ केवळ पुन्हा पिण्यापुरता असता तर एवढं लिहिलंही नसतं. गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, बाबतीत तो जिवावर येतो. १९८२ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात शेपर्ड सीगल यांनी उंदरांना दिवसाआड हेरॉइन दिलं, नेहमी एकाच खोलीत. मधल्या दिवशी दुसऱ्या खोलीत नुसतं साखरपाणी टोचलं. मग एक मोठी, जीवघेणी मात्रा. ज्यांनी हेरॉइन कधी पाहिलंच नव्हतं त्यांतले सुमारे ९६ टक्के मेले. सवयीच्या खोलीत मात्रा मिळाली त्यांतले सुमारे ३२ टक्के. आणि तितकेच सवयीचे असूनही ज्यांना ती दुसऱ्या खोलीत मिळाली, त्यांतले सुमारे ६४ टक्के. औषध तेच, मात्रा तीच, फक्त खोली वेगळी, आणि मरणाऱ्यांचं प्रमाण दुप्पट. सीगल यांचं म्हणणं असं की ओळखीची खोली दिसताच शरीर येणाऱ्या विषाविरुद्ध आधीच कंबर कसतं. अनोळखी जागी त्याला चाहूलच लागत नाही. पुढे त्यांनी अतिमात्रेतून वाचलेल्या दहा जणांना विचारलं, तर सातांनी सांगितलं की त्या दिवशी जागा किंवा पद्धत नेहमीची नव्हती.

यात दुसरी, आणखी साधी गोष्ट मिसळते. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की सोसण्याची ताकदही उतरते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांची पाहणी २००७ साली छापून आली. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या जवळपास १३ पट होता, आणि अतिमात्रेनं मरण्याचा तर १२९ पट. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली सांगितलं की अफूच्या जातीच्या पदार्थांचा अंमल उतरवणारं नालोक्सोन अशा माणसांच्या घरच्यांच्या, मित्रांच्या हाती असायला हवं. आपल्याकडे केंद्रातून सुटणाऱ्या मुलाच्या आईच्या हाती काय असतं? डिस्चार्ज कार्ड, प्रसादाचा नारळ, आणि 'आता लग्न करून टाका, सुधारेल' हा सल्ला. 'पूर्वीची मात्रा आता त्याला मारेल' हे एक वाक्य तिला स्वच्छ मराठीत सांगायला पैसे लागत नाहीत.

उलट बाजूचं उदाहरणही आहे, आणि ते उंदरांचं नाही. व्हिएतनामातून १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. तिथे हेरॉइनचं व्यसन लागलेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले ते सुमारे ५ टक्के. सगळा देश हादरून बसला होता, आणि बहुतेकांचं व्यसन मायदेशी परतताच सुटलं. त्यांच्यापुरतं युद्ध संपलं, पुरवठा तुटला, घरचे भेटले, कारणं अनेक. पण जिथे व्यसन शिकले ती जागा हजारो मैल मागे राहिली हे त्यातलं एक. आपला माणूस नेमका उलटा प्रवास करतो. केंद्र हे त्याचं परदेश, आणि महिन्यानं आपण त्याला समारंभानं परत व्हिएतनामात पोचवतो.

यावरून कुणी म्हणेल की मग जागाच साफ करा, दारूबंदी करा. वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा मला पूर्वीपेक्षा जास्त पटतो. दुकान, पाटी, दारातला वास हे नुसते पुरवठ्याचे मार्ग नाहीत, ते बझर आहेत. पण बंदी बाहेरचा बझर बंद करते. आतला, म्हणजे थकवा, भांडण, पगाराचा दिवस, तो वाजतच राहतो. तेव्हा बंदी आहे म्हणून शिकवणं नको, असं होत नाही.

चांगल्या केंद्रांना हे उंदरांशिवायच कळलेलं आहे, हे कबूल करायला हवं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालतंय, आणि तिथून बाहेर पडलेल्यांच्या बोलण्यात 'फॉलोअप' हा शब्द घरातल्यासारखा येतो. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या सभा बघा. म्युनिसिपल शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले बाप्ये, आणि वेळ संध्याकाळची, म्हणजे बाटली उघडायची तीच. नवख्याला सांगतात, नव्वद दिवसांत नव्वद सभा. यात मला भाबडेपणा दिसत नाही, प्रयोगशाळेइतकी काटेकोर अक्कल दिसते. धडा त्याच गावात, त्याच तासाला, शुद्धीतल्या शरीरात, पुन्हा पुन्हा. तिथला खिशात ठेवायचा बिल्ला आणि स्पॉन्सरचा, म्हणजे पाठीशी राहणाऱ्या जुन्या सभासदाचा, फोन नंबर म्हणजे गुडविनच्या विद्यार्थ्यांना मिळालेलं चित्र. कुलूप उघडणारी बाहेरची खूण.

सरकारी कामाचा आकार मात्र वेगळा. २०२० साली नशामुक्त भारत अभियान सुरू झालं, आधी २७२ जिल्ह्यांत. दरवर्षी २६ जूनला शाळांतून फेऱ्या निघतात, पथनाट्यात एक मुलगा झिंगतो आणि बाकीचे त्याला घेरून घोषणा देतात. केंद्राचा अहवाल खाटांचा आणि दाखल झालेल्यांचा. माणूस घरी गेल्यावर तिसऱ्या महिन्यात कुठल्या नाक्यावर उभा असतो, याला त्यात रकाना नाही. पैशाचं कारण सांगतात. 'एम्स'नं केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळालेले दिसले. आधीच खाटा इतक्या कमी, त्यात गल्लीपर्यंत माणूस पाठवायचा कुठून? मी हा हिशेब उलटा मांडतो. ३८ मध्ये एकाच्याच वाट्याला उपचार येत असतील, तर त्या एकाला धडे गुंगीत देणं ही चैन परवडणारी नाही. पहिला आठवडा झोप, जेवण, पाणी, व्हिटॅमिन आणि हात धरून बसणारा माणूस एवढंच ठेवा. व्याख्यानं गोळी उतरल्यावर. शेवटच्या आठवड्यात, सोबत देऊन, त्याला त्याच्याच नाक्यावर नेऊन आणा. आणि खाटेच्या अनुदानातला ठरीव वाटा घरी गेल्यानंतरच्या सहा महिन्यांसाठी बांधून ठेवा.

हाच न्याय खाजगी दवाखान्यांनाही. गर्दीची, मुलाखतीची, लिफ्टची भीती म्हणून अल्प्राझोलाम खाऊन बाहेर पडणारी तरुण मुलं मला केमिस्टच्या काउंटरवर दिसतात. ही गोळी एच-१ यादीत आहे, चिठ्ठीशिवाय आणि नोंदीशिवाय द्यायची नाही. तरी जुनी चिठ्ठी दाखवून ती मिळते, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना मी काय सांगायचं! गोळी घेऊन शंभरदा लिफ्टमध्ये चढलात, तरी गोळीविनाच्या एकशे-एकाव्या वेळी बाउटनचा उंदीर आठवण्याची पाळी येऊ शकते. डॉक्टरांनी गोळी देताना एवढं सांगावं की धीर आला की तो पुन्हा एकदा, हळूहळू, गोळीशिवाय शिकायचा आहे.

हे सगळं ज्ञान फुकट आलेलं नाही. झटक्यांच्या जाळीवर आलंय. आमच्या कॉलेजात आता ते प्रॅक्टिकल संगणकावर होतं. पडद्यावरचा उंदीर बझर वाजला की चढतो, शेपूट कुठे धरायची हे सांगावं लागत नाही. झालं ते बरंच झालं. माझ्या हातून गेलेल्या उंदरांनी जगाला नवं काहीच सांगितलं नाही, पुस्तकात होतं तेच दरवर्षी नव्या पोरांना दाखवलं. पण ओव्हरटन, बाउटन, सीगल यांच्या उंदरांनी काही सांगितलं होतं, आणि ते अजून आमच्या तालुक्याच्या केंद्राच्या वेळापत्रकापर्यंत पोचलेलं नाही.

रिक्षावाला पुन्हा दाखल झाला होता. या वेळी मी भेटायला गेलो. निघताना त्यानं समुपदेशकाला माझ्यादेखत विचारलं, "साहेब, सुटल्यावर एक दिवस संध्याकाळी सात वाजता स्टॅन्डवर याल का? नुसतं उभं राहा, चहा मी पाजतो." समुपदेशक तिशीचा, चांगला मुलगा. थोडा ओशाळला. म्हणाला, "आमची ड्युटी सहाला संपते हो काका." मग खिशातून पेन काढून त्याच्या तळहातावर स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला.